बोनेटचा चुरा झाला म्हणून गाडी कचकड्याची?

चौथा गिअर

व्हॉट्सॅपवर दर पावसाळ्यात उगवणारा एक फोटो परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडला. महामार्गाच्या कडेला एक हॅचबॅक, बोनेट दुमडून काचेपर्यंत आलेलं, बंपर बेपत्ता. खाली मजकूर: "हा बघा आजकालचा पत्रा! आमची पद्मिनी असती तर नुसता बंपर वाकला असता." त्यावर अंगठ्यांची रांग. फोटोतली एक गोष्ट मात्र कुणी बघितली नाही. ड्रायव्हरचं दार उघडं होतं, आणि ते कापून काढलेलं नव्हतं, हँडल ओढून उघडलेलं होतं. पायाशी जागा शाबूत, स्टिअरिंग जागच्या जागी. मी परीक्षक असतो तर त्या गाडीला पैकीच्या पैकी दिले असते.

बरीच वर्षं गाड्यांच्या बॉडीवर काम करतो आहे (कंपनी विचारू नका), म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू.

आधी हिशोब. बाराशे किलोची गाडी ताशी ६४ किमीने जात असेल तर तिच्यात साधारण १९० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. तीच गाडी क्रेनने सोळा मीटर, म्हणजे पाच मजले उंच नेऊन सोडून दिली तर जमिनीला टेकताना तिचा वेग तेवढाच असेल. ब्रेक मारून थांबलात तर ही ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. भिंत आडवी आली तर ती खर्च होते पत्रा वाकवण्यात, घड्या पाडण्यात, वेल्डिंग फाडण्यात. पत्र्याने घेतली नाही तर बरगड्या घेतात. तिसरं गिऱ्हाईक नाही.

दुसरा हिशोब थांबायच्या अंतराचा. ६४ वरून शून्यावर यायला ६० सेंटिमीटर मिळाले तर सरासरी मंदन होतं २७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सत्तावीसपट. दहाच सेंटिमीटर मिळाले तर १६० जी. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगावर पहिल्या वेळी पावणेदोन-दोन टनांचा भार येतो, तोही सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळ. पट्टा लावलेला धडधाकट माणूस यातून बहुधा उठून उभा राहतो. दुसऱ्या वेळी तोच भार अकरा टन. वेग तोच, माणूस तोच, फरक फक्त पन्नास सेंटिमीटर चेपण्याचा.

हे पन्नास-साठ सेंटिमीटर गाडी कशी मिळवते ते बघण्यासारखं आहे. प्लास्टिकचा बंपर म्हणजे नुसता मुखवटा. त्याच्यामागे आडवा बीम असतो, बीमच्या दोन्ही टोकांना क्रॅश बॉक्स नावाचे दोन पोकळ डबे, आणि त्यांच्यामागे इंजिनच्या दोन्ही बाजूंनी केबिनकडे जाणाऱ्या दोन चौकोनी रेल्स. ताशी पंधराच्या आसपासचा धक्का डब्यांवरच निभावतो. ते बोल्ट काढून बदलता येतात. त्याहून मोठा असेल तर रेल्सची पाळी. रेल्सवर ठरावीक अंतराने मुद्दाम दाबलेल्या खाचा असतात. त्या खाचांपाशी पहिली घडी पडते, मग दुसरी, मग तिसरी, हार्मोनियमचा भाता मिटावा तशी. प्रत्येक घडीला पोलाद वाकवायची किंमत मोजावी लागते. हीच रेल मधूनच काटकोनात मोडली तर एकच घडी पडते, ऊर्जा फारशी खर्चत नाही आणि सगळा प्रवास केबिनच्या दिशेने होतो. म्हणून आमचा अर्धा जन्म रेल सरळ रेषेत कशी चेपेल हे बघण्यात जातो. इंजिन स्वतः चेपत नाही, तो निव्वळ लोखंडी-ॲल्युमिनियमचा ठोकळा. तो मागे सरकून पायांवर येऊ नये म्हणून त्याचे माउंट (धरून ठेवणारे आधार) आणि सबफ्रेम (खालची चौकट) खाली सुटतील अशी सोय अनेक गाड्यांत असते.

केबिनचं काम नेमकं उलट. तिथे एक सेंटिमीटरही द्यायचा नाही. पिलर (छत तोलणारे खांब), दाराखालचा उंबरा, छताच्या कडा इथे बोरॉनमिश्रित पोलाद वापरतात. ९०० अंशांच्या वर लालबुंद तापवून साच्यातच दाबतात आणि साच्यातच थंड करतात. त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात जाते. साध्या पत्र्याच्या जवळपास पाचपट. शोरूममध्ये अंगठ्याने दाबून आपण जे बघतो ते बोनेट, फेंडर, दाराची बाहेरची कातडी, जेमतेम पाऊण मिलिमीटर. तिचा आणि तुमच्या जिवाचा संबंध फार थोडा. अंगठ्याने गाडी निवडणं म्हणजे, हे माझं वैयक्तिक मत, सोफ्याचं कापड बघून इमारत घेणं.

जुना_डोंबिवलीकर

माहितीपूर्ण धागा, पण पटलं नाही. माझ्या मामांची अँबॅसिडर कसाऱ्यात एका जीपवर आपटली होती. बंपर वाकला, एक दिवा फुटला, मामा तीच गाडी चालवत नाशकात पोचले. आता तेवढ्याच धक्क्याला वर्कशॉपवाले लाखाचं एस्टिमेट हातात देतात. मला तर ही सगळी पार्ट खपवायची सोय वाटते.

चौथा गिअर

@जुना_डोंबिवलीकर, खर्चाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. दिवे, सेन्सर, कॅमेरे यांनी किरकोळ धक्काही महाग केलाय आणि त्यात सुरक्षिततेपेक्षा नटण्याचा भाग जास्त आहे.

पण मामांचा धक्का घाटातला, कमी वेगाचा असणार. तिथे ताठ गाडी बरीच दिसते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि मग ताठ गाडीचं खरं रूप दिसतं. आणखी एक गैरसमज: अँबॅसिडर आणि पद्मिनीला खाली ट्रकसारखी वेगळी चॅसी होती असं बऱ्याच जणांना वाटतं. दोन्ही मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. त्याही चेपायच्याच. फक्त कुठे चेपायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे पुढचा भाग ताठ राहिला की केबिन चेपायची आणि स्टिअरिंगचा दांडा भाल्यासारखा छातीकडे यायचा.

याचा रोकडा पुरावा आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने २००९ साली आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर आपटवल्या. दोन्ही ताशी ६४ च्या आसपास, अर्ध्या-अर्ध्या तोंडाने. बेल एअर म्हणजे क्रोमचा डोंगर, नुसत्या बंपरवर पाच माणसं बसतील. तिची केबिन कोसळली; चाचणीसाठी आत बसवलेल्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं नाक संपलं, आतल्या पुतळ्याला पायाच्या किरकोळ इजेपलीकडे फारसं काही झालं नाही. व्हिडिओ शोधून बघा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. मी टाकला. एकही अंगठा आला नाही.

नेकारकाठ

मी स्टुटगार्टजवळ राहतो, त्यामुळे या विषयाची कुलकथा सांगायचा हक्क बजावतो.

"गाडीचे तीन भाग करा, मधला ताठ ठेवा, पुढचा आणि मागचा मऊ करा" ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्याची. जन्म १९०७, व्हिएन्नाजवळ. १९३९ मध्ये डाइम्लर-बेंझमध्ये, म्हणजे मर्सिडीज बनवणाऱ्या कंपनीत, लागला. १९५१ च्या जानेवारीत त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं, क्रमांक ८५४१५७. त्या काळात अख्खं जग "जितकी ताठ तितकी सुरक्षित" म्हणत होतं, त्यामुळे हे म्हणणं उफराटंच होतं. पूर्ण विचारांती या पद्धतीने बांधलेली पहिली गाडी १९५९ ची मर्सिडीज डब्ल्यू १११, मागे माशाच्या परांसारखे पंख असलेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात झिंडेलफिंगनमध्ये कंपनीने गाड्या आपटून बघायला सुरुवात केली. गाडीला वेग द्यायला काही नव्हतं म्हणून ग्लायडर उडवायची विंच आणली, पुढे गरम पाण्याच्या वाफेवर चालणारं रॉकेट मागे जोडलं. आपल्याकडच्या जुगाडाला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बारेनीच्या नावावर अडीच हजारांवर पेटंट आहेत. १९९७ मध्ये गेला.

गंमत बघा, तीन बिंदूंचा सीट बेल्टही १९५९ चाच. व्होल्व्होच्या निल्स बोलिनचा. आणि व्होल्व्होने ते पेटंट इतर कंपन्यांना खुलं करून दिलं.

सुमेधा अ.

अस्थिरोग विभागात काम करते, म्हणून वरच्या चर्चेत माझ्या बाजूचं थोडं.

अपघातात टक्कर एक होत नाही, तीन होतात. गाडी भिंतीवर आदळते. मग माणूस गाडीच्या आतल्या भागावर आदळतो. आणि माणूस थांबला तरी त्याचं हृदय, यकृत, मेंदू पुढे जात राहतात आणि बरगड्यांवर, कवटीवर आदळतात. तिसरी टक्कर बाहेरून दिसत नाही. अंगावर ओरखडा नसलेला, बोलणारा माणूस तासाभरात कोसळतो तो हिच्यामुळे. महाधमनी फाटण्याचं ते एक नेहमीचं कारण.

चौथा गिअर यांनी सांगितलेले साठ सेंटिमीटर गाडीला मिळतात. तुम्हाला ते तेव्हाच मिळतात, जेव्हा तुम्ही गाडीला बांधलेले असता. पट्टा नसेल तर गाडी चेपत असताना तुम्ही जुन्याच वेगाने पुढे तरंगत असता, आणि डॅशबोर्डपाशी पोचता तेव्हा गाडी जवळजवळ थांबलेली असते. मग तुमच्या वाट्याला ते दहा सेंटिमीटरवालं गणित येतं. गाडी धडक-चाचणीत पाच ताऱ्यांची असो नाहीतर पन्नास.

पट्टा कुठून जातो तेही महत्त्वाचं. खालचा पट्टा ओटीपोटावर नको, त्याखाली कमरेच्या हाडांवर हवा. सीट मागे पाडून झोपलेला माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि तो पट्टा पोटात रुततो. आतडी फाटलेली मी पाहिली आहेत. गरोदर बायकांनीही पट्टा लावायचाच, फक्त खालची पट्टी पोटाच्या खाली आणि वरची दोन स्तनांच्या मधून. डॅशबोर्डवर पाय टाकून बसणाऱ्या मुलामुलींना तर हात जोडून सांगते: एअरबॅग उघडली की गुडघा तोंडावर येतो आणि खुबा सांध्यातून मागे निसटतो.

आणि मांडीवरचं बाळ. २५ जी ला दहा किलोचं मूल अडीचशे किलोचं होतं. "मी घट्ट धरून बसते" म्हणणाऱ्या आईचे हात पुरत नाहीत, तिचं प्रेम कितीही असो.

खवचट खान

+१ सुमेधाताई. पण माणसाचं शरीर तुम्ही म्हणता तेवढं नाजूकही नाही. अमेरिकन हवाई दलातल्या कर्नल जॉन स्टॅप नावाच्या डॉक्टरने १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीवर बांधून घेतलं, ताशी एक हजार किमीच्या पुढे गेला आणि १.४ सेकंदांत थांबला. ४६ जी. डोळ्यांत रक्त उतरलं, थोडा वेळ दिसेना, पण माणूस जगला, तोही ८९ वर्षांचा होईपर्यंत.

सुमेधा अ.

तो जगला कारण त्याला आवळून बांधलं होतं आणि सगळा भार खांद्यांवर, कमरेवर, हाडांवर घेतला होता. माझं म्हणणंच तुम्ही सिद्ध केलंत, धन्यवाद :)

पालघरी

आमच्या चारोटीजवळ ४ सप्टेंबर २०२२ ला सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला, तो सगळ्यांना आठवत असेल. गाडी मर्सिडीजची, एअरबॅग्ज भरपूर. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही महिने टोलनाक्यावर मागचे लोक पट्टा ओढताना दिसायचे. आता पुन्हा सगळं पहिल्यासारखं. मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे, हजार रुपये दंड आहे, हे अर्ध्या लोकांच्या गावीही नसतं.

चौथा गिअर

मागच्याने पट्टा लावला नाही तर तो एकटा मरत नाही, हेही जोडतो. तो पुढच्या सीटवर मागून येऊन आदळतो, आणि पट्टा लावलेला पुढचा माणूस सीट आणि एअरबॅग यांच्यात चेंगरतो.

एअरबॅगबद्दल लोकांच्या फार भाबड्या कल्पना आहेत म्हणून वेळापत्रक सांगतो. अख्खी धडक साधारण १०० ते १२० मिलिसेकंदांत संपते. सेन्सरला "ही खरी धडक आहे, खड्डा नाही" हे ठरवायला दहा-वीस मिलिसेकंद मिळतात. पट्ट्याचा प्रीटेन्शनर त्याच क्षणी छोट्या स्फोटाने पट्ट्याची ढिलाई ओढून घेतो. पिशवी पुरती फुगते तोवर चाळीस-पन्नास मिलिसेकंद झालेले असतात. मग भार एका मर्यादेपलीकडे गेला की रीळमधली एक सळी पिळवटते आणि पट्टा मोजून-मापून सैल सोडते, म्हणजे बरगड्या मोडू नयेत. रेल, सबफ्रेम, पट्टा, पिशवी हे सगळं एकमेकांच्या वेळा बघून जुळवलेलं असतं. पट्टा नसलेला माणूस पिशवी फुगत असतानाच तिच्यावर जाऊन पोचतो. तिथे ती उशी राहत नाही, तडाखा होते.

आणि ते पट्ट्याच्या खाचेत अडकवायचे बनावट क्लिप, टुंटुं आवाज बंद करायला! ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ई-कॉमर्सवाल्यांना ते काढायला लावले. तरी रस्त्यावरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत अजून टांगलेले दिसतात.

नाना डेंटर

मी कोल्हापूरकडं गॅरेज चालवतो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

चौथा गिअर साहेबांनी जे सांगितलं ते आम्ही रोज उलट्या बाजूनं बघतो. गाडी येते, एप्रन (बोनेटखालचा बाजूचा आतला पत्रा) चेपलेला, रेल घडी पडलेली. गिऱ्हाईक म्हणतं, "नाना, नवीन टाकू नका, ओढून सरळ करा." इन्शुरन्स संपलेला असतो, खिशात पैसे नसतात, त्याचंबी खरं असतं. मग बेंचवर लावून साखळीनं ओढायचं, सरळ होत नसलं तर गॅसनं लाल करायचं, ठोकायचं, लांबी (पुटी) भरायची, रंग मारायचा. दिसायला गाडी शोरूमची. पण एकदा घडी पडून सरळ केलेली रेल पुढच्या वेळी कुठं आणि कशी मोडंल ते देवालाच ठाऊक. आणि नवीन गाड्यांतलं ते कडक पोलाद गॅसनं तापवलं की त्याचा कडकपणा गेलाच समजा. वरून काय बी कळत नाही.

दुसरं, क्रॅश बॉक्सच्या जागी चौकोनी पाइप वेल्डिंग केलेला मी स्वतः बघितलाय. "मजबूत केलंय" म्हणतात! जो डबा आधी चेपायचा, तोच सगळ्यात कडक करून ठेवला.

आणि बंपरवरचा तो लोखंडी गार्ड. पोरं हौसेनं लावतात. थेट चॅसीवर बोल्ट मारलेला असतो, म्हंजे धक्का डब्याला सोडून सरळ आत. एअरबॅगच्या सेन्सरलाबी चुकीचा निरोप जातो. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं राज्यांना कळवलं होतं असल्या गार्डवर कारवाई करा म्हणून. आमच्या रस्त्यावर मात्र पुढाऱ्यांच्या गाड्यांनाच सगळ्यात मोठे गार्ड.

चौथा गिअर

नाना, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर टाकायला हवा. कापायचं कुठे आणि नवा तुकडा जोडायचा कुठे, हे प्रत्येक गाडीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये रेषा आखून दिलेलं असतं. ते मॅन्युअल बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचत नाही, यात दोष तुमचा नाही.

नवखा चालक

मग मी सरळ मोठी एसयूव्ही घेतो, प्रश्न मिटला. की तारे बघून घेऊ?

चौथा गिअर

वजनाचा फायदा खरा आहे, नाकारत नाही. आठशे किलोची गाडी आणि सोळाशे किलोची गाडी, दोन्ही ताशी ५० ने समोरासमोर आल्या आणि एकमेकींत अडकल्या, तर छोटीचा वेग क्षणात ६७ ने बदलतो, मोठीचा ३३ ने. छोटी गाडी चक्क मागे ढकलली जाते. छोटीतल्यांनी काय घोडं मारलंय? म्हणून युरोपमध्ये २०२० पासून गाडीसमोर १४०० किलोची चेपणारी ट्रॉली आणतात आणि तुमच्या गाडीने समोरच्याचं किती वाटोळं केलं याचेही गुण कापतात. आपल्याकडे ही दृष्टी अजून यायची आहे. भिंतीशी किंवा झाडाशी गाठ पडली तर मात्र मोठ्या गाडीला स्वतःचीच जास्त ऊर्जा जिरवावी लागते, आणि उंच असल्याने उलटायचा धोका आहेच.

ताऱ्यांचं म्हणाल तर त्यांनी आपल्याकडे जे केलं ते कायद्यानेही केलं नव्हतं. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तारे देणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेल्स आपटवली, पाचही शून्य तारे. काहींचा सांगाडाच "अस्थिर" निघाला. म्हणजे एअरबॅग दिली असती तरी उपयोग बेताचाच, कारण ती ज्या केबिनमध्ये उघडायची ती केबिनच राहत नव्हती. त्यानंतर २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच. सरकारी पातळीवर समोरून ताशी ५६ च्या धडकेची सक्ती नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सगळ्या गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून आली. भारत एनकॅप, म्हणजे तारे देणारी आपली स्वतःची चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं. त्यात समोरून ६४, बाजूने ५० आणि खांबावर बाजूने २९. समोरची धडक पूर्ण तोंडाची नसते, ४० टक्के तोंड चेपणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाळीवर. कारण खऱ्या रस्त्यावर माणूस शेवटच्या क्षणी स्टिअरिंग फिरवतो आणि धडक एकाच बाजूला बसते, एकाच रेलवर सगळा भार येतो.

शोरूममध्ये गेलात की ताऱ्यांबरोबर सांगाडा "स्थिर" आहे का हे विचारा. सेल्समन गोंधळतो, पण अहवालात ते लिहिलेलं असतं. आणि एक ध्यानात असू द्या: परीक्षा ६४ ला होते. १०० ला ऊर्जा जवळजवळ अडीचपट. पाच तारे त्या वेगाची हमी देत नाहीत, आणि आपल्या एक्सप्रेसवेवर १०० म्हणजे डावी लेन.

घाटरस्ता

सगळं वाचलं, पण सगळ्यात मोठा राक्षस राहिलाच की. पेपरात रोज वाचतो, "उभ्या ट्रकला मागून धडक". मुंबई-पुणे असो की समृद्धी, तीच बातमी. त्यात तुमचे क्रॅश बॉक्स, रेल, खाचा काय करतात?

चौथा गिअर

काहीच करत नाहीत, आणि हे लिहिताना मला राग येतो.

गाडीचा बंपर बीम जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर. ट्रकच्या हौद्याची कड मीटरभर किंवा त्याहून वर. मागचा संरक्षक बार नसेल तर गाडीचं नाक ट्रकखाली अलगद शिरतं. रेल्सना कशाचा स्पर्शही होत नाही, एक घडी पडत नाही. सेन्सरला धडक उशिरा कळते, कधी कळतच नाही. पहिला खरा आघात काचेवर आणि पुढच्या पिलरवर, म्हणजे थेट डोक्याच्या पातळीवर. सत्तर वर्षं खपून माणसाने जो चेपायचा भाग बनवला, तो पूर्ण शाबूत राहतो आणि आतली माणसं जातात. फोटोत बोनेट चकचकीत दिसतं. ग्रुपवरच्या त्या मंडळींना असा फोटो दाखवला पाहिजे.

ट्रकला मागे अंडररन बार लावण्याचा नियम आहे, त्याचं भारतीय मानकही आहे, आयएस १४८१२. प्रत्यक्षात काय दिसतं? बार वर वाकवलेला, गंजलेला, नाहीतर वीटभट्टीवर मागे टेकवताना अडतो म्हणून कापून टाकलेला. काही ठिकाणी पातळ पाइप, जो हाताने हलतो. आरटीओत पासिंगला लावतात, बाहेर आले की सोडवतात. त्यात पार्किंग लाइट नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, आणि ब्रेकडाउन झाला की मागे दोन दगड आणि झाडाची फांदी. कारमध्ये सहा एअरबॅग्जवर जेवढी भाषणं झाली त्याच्या पावपट या बारवर झाली असती तरी फरक पडला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटरस्ता

फांदीचं अगदी खरं. रात्री फांदी दिसली की आमचा ड्रायव्हर आधी लेन बदलतो आणि मग शिव्या देतो.

जुना_डोंबिवलीकर

बेल एअरचा व्हिडिओ बघितला. मामांना पाठवला. ते म्हणाले, "ती अमेरिकन गाडी, अँबॅसिडर वेगळी." वय ८४, वाद घालत नाही.

किलोवॅट

इलेक्ट्रिक गाड्यांचं काय? पुढे इंजिनच नाही, म्हणजे चेपायला जागा जास्त?

नेकारकाठ

जागा जास्त, पण वजनही जास्त, तेव्हा जिरवायची ऊर्जाही जास्त. खरी पंचाईत बाजूच्या धडकेत. दार आणि माणूस यांच्यात जेमतेम वीतभर अंतर, आणि खाली फरशीभर बॅटरी, जिला चेपू द्यायचं नाही. म्हणून उंबऱ्यात ॲल्युमिनियमच्या खणाखणांच्या पट्ट्या घालतात; चेपायचं ते त्यांनी, बॅटरीपर्यंत पोचायच्या आत. एअरबॅगच्या इशाऱ्याबरोबर उच्चदाबाचा पुरवठाही तोडला जातो. २०२३ च्या ऑक्टोबरात इथे झिंडेलफिंगनला मर्सिडीजने आपल्याच दोन इलेक्ट्रिक गाड्या, ईक्यूए आणि तिच्याहून बरीच जड ईक्यूएस एसयूव्ही, ताशी ५६ ने समोरासमोर आपटवून दाखवल्या. दोन्ही केबिन शाबूत राहिल्या. जाहिरातीचा भाग होता हे उघड आहे, पण वजनात एवढी तफावत असताना हे जमणं सोपं नाही.

कौमुदी

खूप दिवसांनी असा धागा वाचला. आम्ही सेकंड हँड गाडी बघतोय, बजेट बेताचं आहे. नाना, आधी मोठा अपघात झालाय का हे आमच्यासारख्या अडाण्यांनी कसं ओळखायचं?

नाना डेंटर

ताई, बाहेरचा रंग बघूच नका, तो आम्ही कसाबी करून देतो. बोनेट उघडा. दोन्ही बाजूच्या एप्रनवर कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके दिसतात, सारख्या अंतरावर. डाव्या-उजव्या बाजूला फरक दिसला, ठिपक्यांच्या जागी वेल्डिंगची ओळ दिसली, नाहीतर सीलंट बोटानं फासल्यासारखं वाटलं, तर काम झालंय. बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा बघा. टॉर्च घेऊन खालून रेलकडं बघा, खाचा सोडून कुठं सुरकुती, गॅसचा काळा डाग, ताजा काळा रंग दिसतोय का.

पट्टे शेवटपर्यंत ओढून बघा. धडक झालेल्या गाडीचा प्रीटेन्शनर उडालेला असतो, मग पट्टा अडकतो किंवा ढिला पडतो. पट्ट्याच्या टोकाला लेबल असतं, त्यावर सालबी असतंय. गाडीच्या सालाशी जुळतंय का बघा. डॅशबोर्डवर पॅसेंजरच्या बाजूला, जिथं एअरबॅग लिहिलंय तिथं, हात फिरवा. नवीन कातडं चिकटवलेलं असलं तर कडा लागते.

आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलेलाच राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. असली गाडी पन्नास हजार कमी म्हणाले तरी सोडून द्या. घेण्याआधी आमच्यासारख्या कुठल्याबी डेंटरला दोन-पाचशे रुपये देऊन लिफ्टवर चढवून दाखवा. मालक लिफ्टला नको म्हणाला, की तिथनंच परत फिरा.